गॉवर गल्चचे स्वस्त वेस्टर्न: आठवड्यात उरकलेले बोलपट (१९२९–१९३५)

खोगीरभरती (धागाकर्ता)

जॉन वेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशी उलटलेला, अंगाने सुटलेला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला वेन. विशी-पंचविशीतला सडपातळ वेन फारसा कुणी बघितलेलाच नसतो. १९३० साली दिग्दर्शक राऊल वॉल्शने त्याला 'द बिग ट्रेल'मध्ये नायक केलं. फॉक्सने तो पिक्चर ३५ मिमीबरोबर ७० मिमीच्या 'ग्रँजर' पद्धतीतही काढला. त्यासाठी लागणारा पडदा आणि प्रोजेक्टर मोजक्याच थिएटरांकडे होता, वर मंदी सुरू झालेली. पिक्चर आपटला आणि नायकाचं आसनही गेलं. तिथून १९३९ च्या 'स्टेजकोच'ने हात देईपर्यंत या माणसाने काय केलं? स्वस्तातले वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काऊबॉयपट. ढिगाने.

सध्या मी या पिक्चरांच्या नादी लागलोय. घरचे वैतागलेत, म्हणून म्हटलं इथे बोलावं.

हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेव्हार्ड आणि गॉवर स्ट्रीट जिथे मिळतात त्या भागात चिल्लर निर्मात्यांची ऑफिसं होती. टापूला नावच पडलं 'पॉव्हर्टी रो'. कोलंबिया तिथलीच, पुढे मोठी झाली. त्या नाक्यावर खरेखुरे काऊबॉय टोपी-बुटांसकट कामाची वाट बघत उभे असायचे. मोकळ्या कुरणांवर कुंपणं आली, रँचवरचं, म्हणजे गुरांच्या मळ्यांवरचं, काम आटलं, आणि घोड्यावर बसण्याखेरीज दुसरं काही न येणारी ही माणसं रोजावर पिक्चरात पडझड करायला लागली. त्या नाक्याचं नाव 'गॉवर गल्च'.

वेनचे 'लोन स्टार' शिक्क्याचे सोळा वेस्टर्न १९३३ ते १९३५ मधले. मोनोग्राम कंपनीचं छत्र, निर्माता पॉल माल्व्हर्न, बरेचसे रॉबर्ट ब्रॅडबरीने दिग्दर्शित केलेले, कॅमेऱ्यामागे बहुतेक वेळा आर्ची स्टाउट. लांबी पन्नास-पंचावन्न मिनिटं, शूटिंग आठवड्याभरात आटोपलेलं, खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात. मोठ्या स्टुडिओच्या पिक्चरात तेवढ्यात नायिकेचे कपडे आले असते.

पहिला 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३). विषय काय, तर पाणी. खोऱ्यातलं सगळं पाणी किनकेड नावाच्या माणसाने दाबून ठेवलंय आणि शेतकऱ्यांना तो म्हणेल त्या दराने घ्यावं लागतंय. बांधावरून डोकी फुटलेली ज्यांनी बघितली आहेत त्यांना गोष्ट समजावून सांगायला नको. वेन हा वॉशिंग्टनहून आलेला गुप्त सरकारी माणूस, नाव 'सिंगिंग सँडी'. तो गातो! म्हणजे ओठ हलवतो, आवाज दुसऱ्याचा. खलनायकाच्या बंदूकबाजाशी समोरासमोर दोन हात करायला गावाच्या रस्त्यावरून चालत येताना हा रक्तपाताचं गाणं संथ आवाजात म्हणत येतो. सगळं गाव दारं लावून घेतं. बंदूकबाजाला तो मारत नाही, मनगटं निकामी करतो, पुन्हा पिस्तूल उपसायची सोयच नको. हसू येतं, आणि त्याच वेळी अंगावर काटाही येतो. आठवडाभरात काढलेल्या पिक्चरात हे सापडतं.

माझं म्हणणं असं की यांची गोष्ट सोडून द्यावी आणि काम बघावं. भरधाव घोड्यावरून पडणारा माणूस खरोखर पडलेला असतो, ओढ्यात उडी खरी असते, धूळ खरी असते. गोष्ट तुम्ही सकाळी विसरता, ती उडी विसरत नाही. कुणी बघितलेत का? कोणते?

---

तिखटजाळ

एक बघितला, वीस मिनिटांत झोप लागली. नट पाढे म्हटल्यासारखे संवाद म्हणतात, बोलून झाल्यावर समोरचा श्वास घेतो, मग तो बोलतो. मागे संगीत नाही. मारामारी चालू आहे आणि ऐकू काय येतं, तर बुटांची फरफट. गावात भला दिसणारा बँकवाला असला की तोच चोर, हे पाचव्या मिनिटाला कळतं.

आणि 'गोष्ट सोडा, काम बघा' म्हणजे काय हो? मग सर्कस का बघू नये?

---

अबोली

तिखटजाळ, +१ बँकवाल्याबद्दल :) पण १९३३ साली अमेरिकेत बँकवाला चोर निघाला की थिएटरात टाळ्या पडत असणार हेही खरं. शेतं जप्त होत होती, बँका बुडत होत्या.

---

खोगीरभरती

बरोबर. आणि त्या धंद्यात याला नावंही होती. डोकं चालवणारा, सूट घातलेला तो 'ब्रेन हेवी'. त्याच्या हुकुमावरून गोळ्या झाडणारा, दाढी वाढलेला तो 'डॉग हेवी', म्हणजे वाटेत कुत्रं दिसलं तर विनाकारण लाथ घालेल असा. प्रेक्षकाला दुष्ट कोण ते कळायला तेवढी एक लाथ पुरे, संवाद लिहायला नकोत.

---

ध्वनिवेडा

संगीताच्या मुद्द्यावर माझ्याच्याने राहवेना.

बोलपट आले तेव्हा वेस्टर्न संपला असं बऱ्याच जणांनी धरून टाकलं होतं. आवाज घ्यायचा म्हणजे बंद स्टुडिओ. कॅमेऱ्याची घरघर माइकला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडलेला. त्या खोक्यातून घोडदौड कशी टिपणार? वेस्टर्नचा जीव उघड्यावर, आणि उघड्यावर वारा. माइकला वाऱ्याइतका शत्रू नाही.

ही कोंडी फोडली फॉक्सच्या 'इन ओल्ड अॅरिझोना'ने. १९२८ च्या डिसेंबरात तो आला. उघड्यावर जाऊन आवाजासकट केलेला पहिला मोठा वेस्टर्न. लोकांना त्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? घोड्यांच्या टापा आणि तव्यावर बेकन चरचरल्याचा आवाज! पडद्यावर तळण ऐकू येतं याचंच अप्रूप. वॉर्नर बॅक्स्टरला सिस्को किडच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, पण ती भूमिका आधी खुद्द दिग्दर्शक राऊल वॉल्शच करणार होता. लोकेशनवर असताना रात्री गाडीतून जाताना एक रानससा समोरची काच फोडून आत आला आणि वॉल्शचा उजवा डोळा गेला. पिक्चर अर्व्हिंग कमिंग्सने पुरा केला. धाग्यात वर 'बिग ट्रेल'वाला वॉल्श आहे ना, तोच हा. डोळ्यावर पट्टी बांधूनच त्याने १९३० साली वेनला उभं केलं.

आता तुमचा प्रश्न. सुरुवातीच्या वर्षांत संवाद, आवाज आणि संगीत वेगवेगळे घेऊन एकत्र मिसळणं हे जिकिरीचं आणि खर्चाचं काम होतं. मोठ्या स्टुडिओंनाही ते १९३२-३३ च्या सुमारास अंगवळणी पडलं. पॉव्हर्टी रोवाल्यांनी सोपा हिशेब केला: नावं येताना वाजवा, शेवटी वाजवा, मधे गप्प बसा. त्यामुळे पाठलाग चालू असतो आणि ऐकू येतात फक्त टापा, चामड्याचा करकराट, मधूनच लांबून एखादी गोळी. मला तर ते आवडतं. आजच्या पिक्चरात पाठलाग सुरू झाला की आधी ढोल येतात, मग घोडे.

एक सावधगिरी: काही प्रतींवर पुढे व्हिडिओच्या जमान्यात कुणीतरी सिंथेसायझरचं संगीत चढवलंय. ते १९३४ चं नव्हे. तशी प्रत लागली तर सरळ बंद करा.

---

तिखटजाळ

काच फोडून ससा! हे पिक्चरात दाखवलं असतं तर मी झोपलो नसतो.

---

बाल्कनी_स्टॉल

मी वितरणाच्या धंद्यात आयुष्य घालवलं, म्हणून ही बाजू सांगतो. हे पिक्चर असे का झाले ते तिकीटखिडकीवर कळतं.

मंदीत प्रेक्षक घटले तेव्हा थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन पिक्चर द्यायला सुरुवात केली. मुख्य पिक्चर मोठ्या स्टुडिओचा, त्याचा हिशेब टक्केवारीवर, म्हणजे गल्ल्यातला वाटा स्टुडिओला. दुसरा पिक्चर ठरीव भाड्यावर. हॉल भरला काय, रिकामा राहिला काय, निर्मात्याला तेवढेच पैसे. मग निर्माता जादा खर्च कशाला करील? पिक्चर चांगला केला म्हणून एक डॉलर वाढणार नव्हता आणि वाईट केला म्हणून एक डॉलर कमी होणार नव्हता. नफा किती, हे फक्त खर्च किती वाचवला यावर ठरायचं.

त्यात या छोट्या कंपन्यांची स्वतःची थिएटरं नव्हती, देशभर ऑफिसं नव्हती. ते प्रांताप्रांतातल्या वितरकांना हक्क विकायचे. आपल्याकडे जशा टेरिटऱ्या, तसंच. टेक्सासचा वितरक वेगळा, ओहायोचा वेगळा. खेड्यातल्या थिएटरला शनिवारच्या खेळाला पोरं भरायची असत, त्यांना घोडा हवा, मारामारी हवी, नायकाने नायिकेच्या फार जवळ जायला नको. वितरक निर्मात्याला तेच सांगायचा.

एवढ्या जाचात ब्रॅडबरीसारख्या माणसाने चार शॉट जीव ओतून लावले, त्याचं मला कौतुक वाटतं. त्याला ते करायची गरज नव्हती.

---

खोगीरभरती

क्या बात है, बाल्कनी_स्टॉल. 'गरज नव्हती' हे फार नेमकं. ब्रॅडबरी एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना कॅमेरा झटक्यात फिरवतो, सगळं चित्र फराट्यासारखं पुसट होतं आणि थांबतं तेव्हा आपण दुसऱ्याच जागी असतो. घोड्यावरच्या दोन मैलांच्या रपेटीची रीळ वाचते. कंजुषीच, पण देखणी.

आता माझ्या लाडक्या पिक्चरातलं एक दृश्य सांगतो. 'रँडी राइड्स अलोन', १९३४, दिग्दर्शक हॅरी फ्रेझर. वेन घोड्यावरून येतो, आडवाटेवरच्या गुत्त्यासमोर उतरतो. आतून पियानो ऐकू येतोय, जलद, खुशीतला. तो दार ढकलून आत जातो. जमिनीवर प्रेतं. बारच्या मागे प्रेत. टेबलावर ओणवं प्रेत. आणि पियानो वाजतोच आहे, कारण तो आपोआप वाजणारा, छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर चालणारा पियानो आहे. वाजवायला माणूस लागत नाही. वेन एकेका प्रेताकडे बघत हळूहळू चालतो. संवाद शून्य. मग कॅमेरा भिंतीवरच्या चित्राकडे जातो आणि चित्राचे डोळे हलतात. मागे कुणीतरी लपून बघतंय.

ध्वनिवेडा, तुमच्यासाठीच आहे हे दृश्य. मागे संगीत घालायचे पैसे नाहीत, तर संगीत खोलीतच ठेवलं आणि त्यानेच भीती घातली.

पुढे त्यात जॉर्ज हेज आहे. पुढच्या काळात 'गॅबी' हेज म्हणून बिनदाताचा, बडबड्या म्हातारा म्हणून गाजला तोच. इथे तो मुका, कुबड असलेला दुकानदार, जो पाटीवर नाही तर कागदावर लिहून बोलतो. आणि तोच दरोडेखोरांचा म्होरक्या. बोलपटात खलनायक मुका! टोळीचा अड्डा धबधब्याच्या मागे. सगळं मिळून त्रेपन्न-चोपन्न मिनिटं.

---

अबोली

आता मी जरा मिठाचा खडा टाकते.

'द स्टार पॅकर' (१९३४) मी बघितला तो तुमच्या धाग्यामुळे. त्यात नायकाचा रेड इंडियन सोबती आहे, नाव 'याक'. तो कोण करतो? याकिमा कनट, वॉशिंग्टन राज्यातला गोरा रोडिओवाला, म्हणजे बिथरलेल्या घोड्यांवर बसण्याच्या स्पर्धांतला. मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो, नायकाचा घोडा धरतो, जीव धोक्यात घालतो. पोकळ झाडाच्या बुंध्यातून भर रस्त्यावर गोळीबार होतो ती कल्पना झकास आहे, कबूल. पण ज्यांची जमीन होती त्यांना पडद्यावर एवढीच जागा, आणि तीही दुसऱ्याने बळकावलेली.

बायकांचं तेच. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'तली सेसिलिया पार्कर सुरुवातीला बंदूक घेऊन उभी राहते, मग हळूहळू तिच्याकडे दार उघडणं आणि काळजी करणं एवढंच काम उरतं. पुढे ती एमजीएमच्या अँडी हार्डी मालिकेत बहीण झाली, म्हणजे तिथेही दारातच.

आणि घोडे. तुम्ही 'पडझड खरी' म्हणून भारावून सांगता. घोडा स्वखुशीने पडत नव्हता ना? 'रनिंग डब्ल्यू' म्हणून प्रकार होता. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा, त्या पट्ट्यावरच्या कडीतून नेऊन दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. भरधाव घोडा तारेच्या टोकाला पोचला की पुढचे पाय खेचले जाऊन तो तोंडावर आदळणार. स्वाराला कधी पडणार ते माहीत, घोड्याला नाही. हे मोठ्या स्टुडिओंतही चालायचं. १९३९ च्या एका बड्या वेस्टर्नसाठी कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला, तेव्हा ओरड झाली आणि १९४० पासून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन ह्युमेन संस्थेची माणसं सेटवर लक्ष ठेवायला लागली. म्हणजे तुमच्या सगळ्या सोळा पिक्चरांच्या वेळी घोड्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

---

खोगीरभरती

अबोलीताई, घोड्यांबद्दल वाद घालायला माझ्याकडे काहीच नाही. तारेने पाडलेला घोडा ओळखू येतो, पुढचे दोन्ही पाय एकदम आत ओढले जातात. तो शॉट आला की माझाही उत्साह जातो.

रेड इंडियनांच्या बाबतीत मात्र त्याच काळातला एक अपवाद बघा. टिम मॅकॉय. हा वायोमिंगमध्ये राहिलेला, मैदानी जमातींची खुणांची भाषा अस्खलित येणारा माणूस. १९२३ च्या 'द कव्हर्ड वॅगन'साठी अरापाहो लोकांना कामाला आणायचं काम त्याने केलं आणि तिथून तो नट झाला. १९३२ साली कोलंबियासाठी त्याने 'एंड ऑफ द ट्रेल' केला, वायोमिंगच्या विंड रिव्हर भागात जाऊन. त्यात सरकारने करार कसे मोडले हे तो सरळ बोलून दाखवतो, आणि इंडियनांची बाजू घेतो म्हणून त्याच्या पात्रावर फितुरीचा आळ येतो. हाही स्वस्तातलाच पिक्चर. मोठ्या स्टुडिओंना असं काही करायला पुढे बरीच वर्षं लागली. स्वस्त पिक्चरकडे वरिष्ठांचं लक्ष नसतं, त्याचा असाही फायदा.

---

अबोली

टिम मॅकॉय यादीत घेतला.

---

पायरी_क्र_३

कुणी याकिमा कनटवर सविस्तर लिहा ना. 'बेन-हर'च्या रथांच्या शर्यतीमागे तोच ना?

---

खोगीरभरती

तोच. १८९५ चा जन्म, कोलफॅक्स, वॉशिंग्टन. रोडिओचा विजेता. मूकपटात नायकही झाला, पण फ्लूने आवाजाची वाट लागली होती आणि बोलपटात तो आवाज चालेना. मग दुय्यम खलनायक आणि पडणारा माणूस. 'लोन स्टार'मध्ये एकाच पिक्चरात तो गुंड म्हणून वेनचा पाठलाग करतो आणि लांबच्या शॉटमध्ये वेनचे कपडे घालून स्वतःपासूनच पळतो. हिशेब जमतो, पगार एकच!

आज सगळ्या जगात पडद्यावरची ठोसाठोशी ज्या पद्धतीने होते ती या लोकांनी बसवली. त्याआधी पडद्यावर मारामारी म्हणजे खांद्यावर, दंडावर खरेच धपाटे घालायचे आणि चेहऱ्याला लागल्याचा आव आणायचा. दिसायला लुटुपुटूची, लागायला खरी. कनट, वेन आणि ब्रॅडबरी यांनी कॅमेऱ्याची जागा अशी धरली की ठोसा हनुवटीच्या पुढून हवेतून जावा, पण मार खाणाऱ्याच्या खांद्यामागून बघताना लागल्यासारखा दिसावा. समोरच्याने त्याच क्षणी मान झटकायची. 'पास सिस्टिम' म्हणतात तिला. जुन्या पिक्चरांत ती अजून कच्ची आहे, मधेच एखादा ठोसा वीतभर लांबून जाताना दिसतो, आणि तेच बघायला मला मजा येते. पद्धत आपल्यासमोर तयार होते आहे.

'द लकी टेक्सन'मध्ये (१९३४) वेन, म्हणजे अर्थात कनट, पाण्याच्या पाटातून झाडाच्या फांदीवर उभा राहून घसरत खलनायकाला गाठतो. ज्याला कुणाला हे सुचलं त्याला दंडवत.

'स्टेजकोच'मध्ये पळत्या घोड्यांच्या मधून खाली पडून अख्खी गाडी अंगावरून जाऊ देणारा तोच. तो पिक्चर नीट बघा, गॉवर गल्चची माणसं जागोजागी दिसतील. शेवटी वेन ज्याला मारतो तो ल्यूक प्लमर म्हणजे टॉम टायलर, स्वस्त वेस्टर्नचा नायक. आर्ची स्टाउटला १९५२ च्या 'द क्वाएट मॅन'साठी विंटन हॉकबरोबर ऑस्कर मिळालं. ब्रॅडबरीचा मुलगा बॉब स्टील, हाही वेस्टर्नवाला, १९४६ च्या 'द बिग स्लीप'मध्ये थंड डोक्याचा मारेकरी झालाय, बघताना घाम फुटतो. कनटला १९६६ सालासाठी मानद ऑस्कर दिलं. आळीतली माणसं आळीतच राहिली नाहीत.

---

तिखटजाळ

आता तुम्ही मला ओढलंच यात. काल 'रँडी' बघितला. पियानोचं दृश्य उत्तम. नंतरची चाळीस मिनिटं पुन्हा तेच, आत-बाहेर, आत-बाहेर, घोड्यावर चढ, घोड्यावरून उतर. पण झोप लागली नाही हे नोंदवतो.

आणि एक. वेनने वॉर्नरसाठीही केले होते ना काही? त्यातला एक लावला तर दूरच्या शॉटमधली गर्दी आणि जवळच्या शॉटमधली चार माणसं यांचा काही मेळच लागेना. लांबून शेकडो घोडे, जवळ आलं की तिघे.

---

ध्वनिवेडा

हाहा. ते तसंच आहे. १९३२-३३ मध्ये लिऑन श्लेसिंजरने, हो, तोच कार्टूनवाला, वॉर्नरसाठी वेनला घेऊन सहा वेस्टर्न काढले. युक्ती अशी की केन मेनार्ड या काऊबॉय नटाच्या मूकपटांतली भव्य दृश्यं हाताशी होतीच: गुरांचे लोंढे, वॅगनींचे तांडे, मोठमोठ्या चकमकी. वेनला मेनार्डसारखे कपडे घातले, मेनार्डच्या पांढऱ्या 'टार्झन'शी जुळणारा घोडा दिला, त्याचं नाव 'ड्यूक', आणि जवळचे शॉट नव्याने घेतले. लांबून जो दिसतो तो मेनार्ड, जवळून वेन. मूकपटाचा वेगही थोडा वेगळा दिसतो, लक्ष दिलंत तर शिवण सापडते.

याच मेनार्डने वेस्टर्नमध्ये नायकाला गायला लावलं, १९२९-३० पासून. आणि १९३४ च्या त्याच्या 'इन ओल्ड सांता फे'मध्ये एका रेडिओ गायकाला छोटं काम मिळालं, नाव जीन ऑट्री. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

---

पायरी_क्र_३

मला नाही माहीत!

---

ध्वनिवेडा

बरं, थोडक्यात. मॅस्कॉट नावाची कंपनी, मालक नॅट लेव्हिन, धंदा भागांच्या मालिकांचा. तिने ऑट्रीला घेऊन १९३५ साली बारा भागांची 'द फँटम एम्पायर' काढली. कथा ऐका: ऑट्री रँचवरून रेडिओवर गाण्याचा कार्यक्रम करतो. रँचच्या खाली जमिनीत हजारो फूट खोल 'मुरानिया' नावाचं प्रगत राज्य आहे, राणी आहे, पत्र्याची टोपी घातलेले यंत्रमानव आहेत, मृत्युकिरण आहेत. आणि या सगळ्यातून सुटून ऑट्रीला रोज दुपारी दोनला वर येऊन गायचंच आहे, नाहीतर रेडिओचा करार गेला!

त्याच वर्षी हर्बर्ट येट्सने मोनोग्राम, मॅस्कॉट आणि आणखी काही चिल्लर कंपन्या एकत्र करून 'रिपब्लिक' उभी केली. येट्सची फिल्म धुण्याची लॅब होती आणि यातल्या बऱ्याच जणांची उधारी त्याच्या वहीत होती, त्यामुळे नाही म्हणायला फार वाव नव्हता. लेव्हिन त्यात गेला, मोनोग्रामवाले पुढे फुटून १९३७ ला पुन्हा वेगळे झाले. ऑट्रीचा 'टम्बलिंग टम्बलवीड्स' रिपब्लिकचा, १९३५. मग गाणाऱ्या काऊबॉयची लाटच आली.

---

तिखटजाळ

दुपारी दोनला गाणं. हा पिक्चर मी बघणार आहे, कुणी अडवू नका.

---

मधली_आळी

अवांतर होईल, पण आपल्याकडचा एक दुवा देतो. आपल्या परळमध्येही साधारण याच वर्षांत हा प्रकार चालू होता. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया यांनी १९३३ साली 'वाडिया मूव्हिटोन' काढली, लवजी कॅसल या पूर्वजांच्या वाड्यात. अमेरिकन मालिका आणि साहसपटांचा नट डग्लस फेअरबँक्स हे जे.बी.एच.चं वेड, 'द मार्क ऑफ झोरो'चं वितरणही त्याने केलं होतं. १९३५ साली 'हंटरवाली' आला, होमीने दिग्दर्शित केलेला, नायिका नादिया, मूळची मेरी इव्हान्स, जन्म पर्थचा. बुरखा, चाबूक, घोडा. घोड्याचं नाव 'पंजाब का बेटा' आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत! अबोलीताई, तिथे दार उघडायचं काम नायकाकडे होतं बहुतेक.

आपल्या मास्टर विठ्ठललाही विसरू नका. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांकडे सुरुवात, मूकपटांत तलवारबाजीचा राजा, म्हणूनच 'आलम आरा'त नायक. आणि भगवानदादा, 'अलबेला'च्या कितीतरी आधी गिरणगावच्या प्रेक्षकांसाठी हातघाईचे स्वस्त स्टंटपट काढत होते. समीक्षकांनी कधी ढुंकून बघितलं नाही, पिटातली शिट्टी मात्र कधी चुकली नाही. तो लवजी कॅसल पुढे शांतारामबापूंकडे गेला आणि 'राजकमल' झाला.

---

बाल्कनी_स्टॉल

मधली_आळी, वेगळा धागा काढा यावर. पहिला प्रतिसाद माझा.

---

अंजिरी_वाळवंट

लॉस एंजेलिसजवळ राहते, म्हणून जागांबद्दल लिहिते.

गॉवर आणि सनसेटच्या नाक्यावर आता वेस्टर्न गावाचा मुखवटा लावलेलं छोटं दुकानसंकुल आहे, नावही 'गॉवर गल्च'. चॅट्सवर्थचं आयव्हरसन रँच, जिथे शेकडो पिक्चर झाले, त्याच्या मधून आता ११८ नंबरचा फ्रीवे जातो. काही खडक बागेत राखून ठेवलेत, बाकी घरं. ब्रॉन्सन कॅन्यनमधली गुहा मात्र चालत जाऊन बघता येते. मुरानियाचं दार तेच, बरं का तिखटजाळ. बोगदा आहे जेमतेम काही पावलांचा, कॅमेरा तिरका लावला म्हणून खोल वाटतो.

सगळ्यात भारी म्हणजे लोन पाइन. मागे सिएरा नेवाडाचा बर्फाळ कडा, पुढे अलाबामा हिल्सचे गोलगोल तांबूस धोंडे. कच्च्या रस्त्याचं नाव 'मूव्ही रोड'. गावात वेस्टर्न पिक्चरांचं संग्रहालय आहे आणि ऑक्टोबरात महोत्सव भरतो. रिपब्लिकचा 'वेस्टवर्ड हो' (१९३५) इथला. पिक्चरातला शॉट फोनवर लावून धोंडे जुळवत फिरणारी माणसं भेटतात, मीही त्यातलीच. नवरा सावलीत बसून राहतो. जुळतात हो! नव्वद वर्षांत धोंड्याची चीरही हललेली नाही.

---

पायरी_क्र_३

मग सुरुवात कुठून करू? एकच सांगा.

---

खोगीरभरती

'रँडी राइड्स अलोन'. नंतर 'रायडर्स ऑफ डेस्टिनी', आणि वेन पुरे झाला की टिम मॅकॉयचा 'एंड ऑफ द ट्रेल'. एका बैठकीत दोनापेक्षा जास्त नको, तिसऱ्याला सगळे घोडे सारखे दिसायला लागतात.

सापडायला अडचण नाही. त्या वेळी अमेरिकेत अठ्ठावीस वर्षांनी हक्कांचं नूतनीकरण करावं लागे आणि या पिक्चरांसाठी बऱ्याचदा ते कुणी केलंच नाही. त्यामुळे ते कुणाचेच नाहीत, फुकट मिळतात. तोटा असा की वाट्टेल त्याने छापलेत. रंग चढवलेली प्रत घेऊ नका. कापलेलीही फिरते, म्हणून लांबी पन्नास मिनिटांच्या आत दिसली तर दुसरी शोधा.

---

ध्वनिवेडा

आणि नावं संपल्यावरही मागे कीबोर्ड वाजत राहिला तर तिसरी.

---

तिखटजाळ

'फँटम एम्पायर'चे चार भाग झाले. मुरानियाची राणी ऑट्रीपेक्षा बरं काम करते. बाकीचे आठ बघून परत येतो, तोवर धागा बंद करू नका.